जुन्या ट्रेलरचे पाटे: ६६२ मिमीचा पाटा कुठल्याच यादीत नाही

गंजखाऊ

नमस्कार मंडळी. सामान वाहायचा एक जुना ट्रेलर दुरुस्तीला घेतलाय. एक अ‍ॅक्सल, दोन चाकं, पत्र्याचा हौदा, ब्रेक नाहीत. बनवणाऱ्याची पाटी जिथे असायला हवी तिथे रिवेटची दोन भोकं तेवढी उरली आहेत. चासी ठणठणीत आहे. हौद्याचा तळ गंजलाय, पण ते काम माझं मी करीन. गाडी अडलीय सस्पेन्शनपाशी, म्हणजे पाट्यांपाशी (लीफ स्प्रिंग).

डावीकडचा मुख्य पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकातून तुटलाय. उजवीकडचा संच शाबूत आहे, पण पार बसलाय. तो सुटा करून, गंज घासून मोजला. एका आयच्या (मुख्य पाट्याच्या टोकाला वळवलेला गोल डोळा) मध्यापासून दुसऱ्या आयच्या मध्यापर्यंत ६६२ मिमी. रुंदी ४४.५ मिमी. पाच पाटे, प्रत्येकी साधारण ६.३ मिमी जाड. आयमधून जाणारा बोल्ट १४.३ मिमी. अ‍ॅक्सल म्हणजे गोल पाइप, बाहेरचा व्यास ६०.३ मिमी. पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसतात. पुढे साधा हँगर (पाटा चासीला टांगणारा पक्का कंस), मागे शॅकल (दोन भोकांच्या, झुलणाऱ्या पट्ट्या).

सुट्या भागांच्या जेवढ्या याद्या मिळाल्या तेवढ्या चाळल्या. ६४१ मिमीचे पाटे पैशाला पासरी आहेत, ६८६ चेही आहेत. ६६० चा एक सापडला, पण त्याचं मागचं टोक सपाट आहे, आय नाही. ६६२ मात्र कुठेच नाही. मूळ रूप जपायचंय, त्यामुळे कापाकापी नको आहे. कुणी असा पाटा पाहिलाय का? की बनवूनच घ्यावा लागेल?

ढकलगाडी

पाट्यांच्या नादाला का लागता? रबर टॉर्शनचा अ‍ॅक्सल टाका आणि मोकळे व्हा. शॅकल नाही, बुश (आयमधली नळी) नाही, ग्रीस नाही, कुरकुर नाही. चौकोनी नळीत चौकोनी दांडा, मधे रबराच्या चार कांड्या, बास. चाल एकदम मऊ.

गंजखाऊ

@ढकलगाडी, मूळ रूप जपायचंय असं वरच लिहिलंय की हो. पाटे काढून टाकले तर मग जपलं काय, हौदा?

लोहारकाम

टॉर्शन वाईट नाही, पण इथे नको. त्याचा सगळा भार दोन कंसांमधून चासीच्या एकाच जागी उतरतो. पाट्यांच्या ट्रेलरची चासी पुढच्या आणि मागच्या हँगरवर भार वाटून घेण्यासाठी बनवलेली असते. पातळ चॅनलची जुनी चासी असेल तर त्या एका जागी पट्टी मारून मजबुती द्यावी लागते. शिवाय आतलं रबर म्हातारं झालं की अख्खा अ‍ॅक्सल बदलायचा. त्या कांड्या गोठवून, आकसवून आत घातलेल्या असतात, घरी ते जमत नाही. आणि त्या नळीजवळ वेल्डिंगची आच लागली तर नवं रबरही गेलं.

गंजखाऊ, तुटका पाटा वेल्ड करायचा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाका. पाट्याचं पोलाद विझवून, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून तयार केलेलं असतं. वेल्डच्या कडेला ते एकीकडे काचेसारखं ठिसूळ आणि एकीकडे नरम होतं. तुटतं ते तिथेच, आणि तुटतं ते भरल्या ट्रेलरखाली.

तिरकस

६६२ चा पाटा मिळाला की मलाही सांगा, माझ्याकडे त्याला शोभेल अशी तीन चाकांची सायकल आहे. (हलके घ्या.)

मापाडी

गंजखाऊ, मापं छान घेतली आहेत, पण दोन राहिली. ती मिळेपर्यंत पाटा बनवायला टाकू नका.

पहिलं, उजव्या पाट्याची कमान किती उरली आहे? दोन्ही आयच्या मध्यांतून दोरी ताणा आणि दोरीपासून मुख्य पाट्यापर्यंतचं अंतर बरोबर मधोमध मोजा. दुसरं, चासीवर पुढच्या हँगरच्या भोकापासून मागच्या शॅकलच्या वरच्या भोकापर्यंत अंतर किती? तेही भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, चासीच्या रेषेत. शॅकलच्या दोन भोकांमधलं अंतरही द्या.

गंजखाऊ

मोजलं. कमान जेमतेम १५ मिमी. आय वरच्या बाजूला वळलेले आहेत, म्हणून दोरी आयच्या मध्यातूनच धरली. हँगरच्या भोकापासून शॅकलच्या वरच्या भोकापर्यंत ६३२ मिमी, दोन्ही बाजूंना सारखंच, मिलिमीटरभर इकडेतिकडे. शॅकलच्या भोकांमधलं अंतर ६० मिमी. उजवा पाटा जागेवर असताना शॅकल मागे बराच कललेला होता.

मापाडी

मग तुमचा पाटा यादीत आहे.

६६२ हे माप बरोबर आहे, पण ते बसलेल्या पाट्याचं आहे. नवा असताना हा पाटा एवढा लांब नव्हता. दोरी ढिली सोडली की टोकं जवळ येतात आणि ताणली की लांब जातात, दोरी मात्र तेवढीच असते, तसं हे आहे. पोलाद तेच आहे, कमान गेली म्हणून आय एकमेकांपासून लांब गेले. याद्यांमधला आकडा असतो तो नव्या, भार नसलेल्या, कमान असलेल्या पाट्याचा.

हिशोब सोपा आहे. आयमधलं सरळ अंतर आणि पोलादाची खरी लांबी यांतला फरक म्हणजे साधारण कमानीच्या वर्गाची आठपट भागिले अंतराची तिप्पट. तुमच्या कमानीला, म्हणजे १५ मिमीला, हा फरक एक मिमीपेक्षा कमी येतो. तेव्हा पोलादाची लांबी सुमारे ६६३. आता यादीतला ६४१ चा पाटा घ्या आणि त्याची कमान बघा. ती ७६ मिमी, म्हणजे तीन इंच असेल, तर फरक २४ मिमी येतो. ६४१ अधिक २४, म्हणजे ६६५. आय वळवलेले असल्यामुळे दोन-चार मिमी इकडेतिकडे होणारच. हा तोच पाटा आहे.

६४१ हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. तो सव्वापंचवीस इंच आहे. तुमची ४४.५ मिमी रुंदी म्हणजे पावणेदोन इंच, १४.३ चा बोल्ट म्हणजे ९/१६ इंच, आणि ६०.३ चा पाइप म्हणजे दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. तुमचा ट्रेलर इंचांत जन्मलाय आणि तुम्ही त्याला मिलिमीटरमध्ये शोधताय.

गंजखाऊ

मापाडीकाका, साष्टांग. यादीत पुन्हा बघितलं. ६४१ च्या पाट्यापुढे कमान ७६ मिमी असंच लिहिलंय. पण एक शंका आहे. हिशोबात दोन-चार मिमी इकडेतिकडे म्हणता, तर मूळचा पाटा ६५०-६५५ चा नसेल कशावरून?

मापाडी

रास्त शंका. म्हणूनच चासीचं माप मागितलं होतं. पाटे बसतात, शॅकल झिजतात, पण चासीला मारलेला हँगर सहसा हलत नाही. तेव्हा साक्ष त्याची काढायची.

हँगर ते शॅकलचं वरचं भोक ६३२. नवा पाटा ६४१ चा असेल तर सुट्या अवस्थेत शॅकलचं खालचं टोक वरच्यापेक्षा ९ मिमी मागे राहील. म्हणजे चाक खड्ड्यात लोंबकळलं तरी शॅकल उभ्या रेषेच्या मागेच, पुढे उलटा पडून अडकायची भीती नाही. भार आला की पाटा सपाट होत लांबतो. पूर्ण सपाट झाला तरी ६६५ च्या आसपास, म्हणजे खालचं टोक ३३ मिमी मागे. ६० मिमीच्या शॅकलला हा कल साधारण ३३ अंशांचा आहे. सुरेख.

आता समजा ६६२ चा, पूर्ण कमानीचा नवा पाटा तुम्ही बनवून घेतलात. सुटा असतानाच शॅकल ३० मिमी मागे. पूर्ण सपाट झाला की ५३-५४ मिमी मागे, म्हणजे ६० मिमीचा शॅकल साठ अंशांहून जास्त कललेला. मोठ्या धक्क्याला तो चासीच्या चॅनलला ठोकणार. ज्याने हा हँगर तिथे मारला त्याच्या डोक्यात ६६२ चा पाटा नव्हता.

६५० चा असता तर? तेही बसलं असतं, नाही म्हणत नाही. पण पावणेदोन इंच रुंदी आणि ९/१६ च्या बोल्टाबरोबर सव्वापंचवीस इंच हे फार जुनं आणि फार चालणारं माप आहे.

नवशिक्या

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न, ज्याच्या पाट्याला मागे आय नसतो त्याचं अंतर कुठून कुठे मोजायचं?

मापाडी

पुढच्या आयच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत. मागचं टोक कंसाच्या आत नुसतं सरकतं, त्याला शॅकल लागत नाही. दिसायला लांबी जुळली तरी हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. गंजखाऊंनी ६६० चा तो पाटा घेतला नाही हे बरंच झालं.

ढकलगाडी

ठीक आहे, पाटेच टाका. मग निदान चांगले भक्कम तरी टाका. यादीत त्याच मापात सहा पाट्यांचा संच असतो. नाहीतर आहेत त्या पाचात एक जाड पाटा वाढवा. जुनं ते सोनं वगैरे ठीक, पण रस्त्यात मोडायला नको.

मापाडी

याच्याशी मी सहमत नाही. गंजखाऊ, ट्रेलरचं रिकामं वजन किती आणि त्यात जास्तीत जास्त काय भरणार?

गंजखाऊ

रिकामा साधारण १८० किलो. भरणार जास्तीत जास्त ५०० किलो, तेही क्वचित. बहुतेक वेळा बागेतला पालापाचोळा आणि जुनं फर्निचर.

मापाडी

मग भरल्यावर ६८० किलो. त्यातून अ‍ॅक्सल-चाकं आणि हुकावर येणारा भार वजा केला तर एका बाजूच्या संचावर ढोबळमानाने ३०० किलो.

पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. यातली मेख जाडीत आहे. ६ मिमीऐवजी ७ मिमीचे पाटे घेतले तर नुसतं बघून फरक कळणार नाही, पण संच सुमारे ५९ टक्के जास्त कडक होतो. म्हणून जाडी टेपने नाही, व्हर्निअरने मोजायची, आणि तीही गंज पूर्ण काढून, मधल्या कमी झिजलेल्या भागात.

तुमच्या मापांवर आकडे मांडले. ६.३५ मिमीचे, म्हणजे पाव इंची पाच पाटे: एक मिमी दबायला सुमारे ११५ न्यूटन. ३०० किलोला दबतील फक्त २५-२६ मिमी. चार पाटे: ९२ न्यूटन, दबतील ३२ मिमी. तीन पाटे: ६९ न्यूटन, दबतील ४३ मिमी. तिघांवर चाल मऊ होईल, पण पोलादावरचा ताण उभ्या ट्रेलरलाच ५२० मेगापास्कलच्या पुढे जातो. खड्ड्यात तो सहज दुप्पट होतो, मग स्प्रिंगच्या पोलादालाही कडेलोटावर उभं केल्यासारखं होतं. चारांवर तोच ताण ३९० च्या आसपास आहे. यू-बोल्टखाली (संच अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) आवळलेला मधला भाग वाकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात संच याहून थोडा कडकच लागेल.

माझं मत, चार पाट्यांचा संच घ्या. मूळचे पाच होते म्हणून पाचच हवे असतील तर तेही चालतील, भरलेला ट्रेलर जरा धडधडेल इतकंच. सहा नकोत. अ‍ॅक्सल, चाकं, टायर, चासी यांची ताकद तेवढीच राहते, फक्त पाटा दबायचा थांबतो आणि प्रत्येक धक्का सरळ चासीच्या वेल्डिंगला जातो. रिकामा ट्रेलर उड्या मारत चालतो तो यामुळेच.

लोहारकाम

+१. आणि जाड पाटा वाढवायच्या सल्ल्याबद्दल थोडं. संचातले सगळे पाटे साधारण सारख्याच वळणाने वाकतात. एकाच वळणाला जाड पाट्यावर ताण जास्त येतो, जाडीच्या प्रमाणात. म्हणजे मदतीला आणलेला जाड पाटाच सगळ्यात आधी मार खातो. वाढवायचाच तर त्याच जाडीचा वाढवा.

पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. गंजखाऊ, डावा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला म्हणता. यू-बोल्ट घट्ट असताना ते भोक दोन पट्ट्यांच्या मधे आवळलेलं असतं, तिथे पाटा वाकतच नाही. त्यामुळे जास्त भाराने पाटा तुटला तर तो आवळपट्टीच्या कडेशी किंवा त्याच्या बाहेर तुटतो. भोकातून तुटला याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, यू-बोल्ट सैल होते. तडा सहसा मुख्य पाट्याच्या वरच्या अंगाला सुरू होतो, कारण कमान उघडताना ताण तिकडे असतो. तुटलेला काठ बघा. जुना, काळपट गंजलेला भाग आणि ताजा चकचकीत भाग असे दोन रंग दिसले तर तडा बराच काळ आधीपासून होता.

तेव्हा नवे पाटे लावताना यू-बोल्ट नवेच घ्या, जुने पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेले आटे परत तेवढी आवळ धरत नाहीत. पाइप गोल आहे तर गोल वळणाचेच यू-बोल्ट घ्या, चौकोनी वळणाचे नकोत. आणि अ‍ॅक्सलवरची पाट्याची बैठक तपासा. सेंटर बोल्टचं डोकं ज्या भोकात बसतं ते लांबट झालं असेल तर तिथेच सगळी गंमत आहे. आवळताना समोरासमोरचे नट थोडे थोडे करून आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर भार घालून पुन्हा तपासा.

गंजखाऊ

बघितलं. दोन रंग आहेत, निम्म्याहून जास्त काठ काळा. डावीकडच्या बैठकीचं भोक अंड्यासारखं झालंय. लोहारकाम, तुम्ही ट्रेलर न बघता सांगितलंत.

उजवीकडच्या जुन्या संचाला पुन्हा कमान देऊन सुटा ठेवता येईल का? फेकवत नाही.

लोहारकाम

देता येते. थंड अवस्थेत, दाबयंत्राखाली थोडं थोडं वाकवत. पण एकदा बसलेलं पोलाद तशी कमान फार काळ धरत नाही. गरम करून द्यायची तर पुन्हा विझवणं आणि पुन्हा ठरावीक तापमानाला तापवणं आलंच, ते भट्टीचं काम आहे. गॅस कटरच्या ज्योतीने लाल करून वाकवून देणारा कुणी भेटला तर त्याला दुरूनच नमस्कार करा. ठेवा हो संच, पण भिंतीवर.

नवशिक्या

माझ्या एका मित्राने त्याच्या ट्रेलरचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून वर घेतले. हौदा उंच झाला, फार ऐटबाज दिसतो. गंजखाऊंच्या ट्रेलरला उलटं करून तो खाली आणता येईल का? म्हणजे अ‍ॅक्सलच फिरवून घ्यायचा.

मापाडी

अ‍ॅक्सल फिरवायचा नाही. फिरवायची असेल तर फक्त बैठक. पुष्कळ ट्रेलरांचे पाइप दिसायला सरळ असतात, पण मधे किंचित वर वाकवलेले असतात. भार आला की पाइप सरळ होतो आणि चाकं उभी राहतात. तो पालथा केलात तर मधला भाग खाली येतो, भाराखाली चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने खलास होतात. खात्री करायची तर पाइपच्या खालून दोन टोकांमधे दोरी ताणून मधली फट बघा.

उंचीचा फरक किती पडतो तेही सांगतो. पाटे वरून खाली नेले तर हौदा पाइपचा व्यास अधिक पाट्यांच्या संचाची जाडी एवढा बदलतो. इथे चार पाट्यांसाठी ६० अधिक २५, म्हणजे ८५ मिमी. हुकाची उंची, मडगार्ड आणि टायरमधली फट, सगळं बिघडतं. गंजखाऊंना मूळ रूप हवंय, तेव्हा हा विषय इथे गैरलागू.

चाकधर

उशिरा आलो. चाकांबद्दल कुणीच बोललं नाही. अ‍ॅक्सलचा पाइप इंची असला तरी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दुसऱ्याच कुठल्या गाडीचे असू शकतात, घरी बनवलेल्या ट्रेलरांत तर फारच. किती स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) आहेत?

गंजखाऊ

पाच. पीसीडी (सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) कसा मोजायचा ते कळत नाहीये, पाचांत समोरासमोर काही येतच नाही.

चाकधर

शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. ते अचूक घ्या, कारण अर्धा मिमी चुकला तर गुणाकारात जवळजवळ एक मिमी चुकतो. ११२ आणि ११४.३ या दोन मापांत तर शेजारच्या स्टडमधलं अंतर दीडएक मिमीनेच वेगळं असतं. चाक बसल्यासारखं वाटतं, नट आवळले जातात आणि स्टड तिरके ताणले जातात.

गंजखाऊ

८२.१ येतंय. गुणिले १.७०१, म्हणजे १३९.७.

चाकधर

साडेपाच इंच! जीपचं माप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा पाच स्टडचा पीसीडी हाच, आणि तिच्यामागे जोडायच्या पाव टनी ट्रेलरचाही. लगेच हुरळून जाऊ नका मात्र. हेच माप नंतर कित्येक गाड्यांनी वापरलं, सुझुकीच्या छोट्या जीपगाड्यांनीही आणि लाडाच्या निवानेही. एवढ्यावरून वंशावळ ठरत नाही.

डाव्या हबच्या नटांकडे नीट बघा मात्र. जुन्या जीपांना डावीकडच्या चाकांचे आटे उलटे असायचे. स्टडच्या टोकावर 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. ते न बघता पाना लावून जोर काढला तर नट सुटायच्या ऐवजी आवळतो आणि स्टड मोडतो.

तिरकस

आता कळलं माझी सायकल उलटी का चालते.

गंजखाऊ

आहे, आहे! डावीकडच्या पाचही स्टडवर 'एल' आहे. बेअरिंगही काढली. आतल्यावर एल ६८१४९ आणि बाहेरच्यावर एल ४४६४९ असे आकडे आहेत. मिळतील का अजून?

चाकधर

मिळतील का म्हणजे काय, आजही ट्रेलरांना सर्रास हीच लागतात. अख्ख्या कामात सगळ्यात बिनघोर गोष्ट ही. बेअरिंगच्या कडेवरचा आकडा कुठल्याही बनवणाऱ्याचा असो, मापं तीच. आतल्याचं भोक ३५ मिमी, बाहेरच्याचं २७ मिमी. हबमधल्या बाहेरच्या कड्याही बदला, जुन्या कडीत नवं बेअरिंग बसवू नका. त्यांचे आकडे एल ६८१११ आणि एल ४४६१०.

ऑइल सील मात्र आकड्यावर जाऊन घेऊ नका. स्पिंडलवर (अ‍ॅक्सलच्या टोकाचा दांडा, ज्यावर हब फिरतो) सील जिथे घासतं तिथला व्यास, हबचं भोक आणि सीलची रुंदी, तिन्ही मोजून घ्या. हब जर दुसरीकडून आलेले असतील तर सीलचं मूळ जोडपं कधीच तुटलेलं असतं. स्पिंडलवर त्या जागी नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल.

लोहारकाम

आट्यांवरून आठवलं. गंजखाऊ, हँगरचे जुने बोल्ट फेकण्याआधी त्यांचे आटे मोजा. उदाहरणार्थ, अर्धा इंची बोल्टाला इंचात १३ आटे असतील तर अमेरिकी पद्धतीचे जाड आटे, २० असतील तर बारीक आटे, आणि १२ असतील तर ब्रिटिश व्हिटवर्थ. व्हिटवर्थने आपले आटे १८४१ मध्ये मांडले, त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकी आणि आताचे मेट्रिक ६० अंश. १२ आणि १३ चा फरक डोळ्याला दिसत नाही, नट तीन-चार वेढे फिरतोसुद्धा आणि मग आवळून बसतो. लोक त्याला गंज समजतात आणि तेल टाकत बसतात.

गंजखाऊ

आटे अमेरिकी आहेत, दोन्हीकडे बारीक. हँगरची भोकं मात्र लांबट झाली आहेत, पुढची तर चांगलीच. नव्या पाट्यांना नायलॉनचे बुश येतात असं दिसतंय. ते ठेवू की पितळी घालू?

मापाडी

कमी वापर असेल तर नायलॉन चालतं, पण ते ग्रीस धरत नाही आणि झिजलं की कळत नाही, बोल्ट सरळ पाट्याच्या पोलादावर घासायला लागतो. तुम्ही सगळं उघडलंच आहे तर ब्राँझचे बुश आणि आतून ग्रीस जाणारे बोल्ट घाला. ग्रीसची भोकं बुशवर भार नसलेल्या अंगाला येतील असे बोल्ट फिरवून बसवा, भाराखाली दाबली गेली तर ग्रीस आत शिरतच नाही. हे बोल्ट मानेजवळ दातेरी असतात, ते दात हँगरच्या भोकात घट्ट रुतले पाहिजेत म्हणजे बोल्ट हँगरमध्ये न फिरता बुश त्याच्यावर फिरतो. तुमची भोकं लांबट आहेत म्हणजे आजवर बोल्टच हँगरमध्ये फिरत आलाय.

लोहारकाम

भोक वेल्डने भरून पुन्हा पाडण्यापेक्षा हँगरच्या बाहेरच्या अंगाला नीट भोक पाडलेली चकती वेल्ड करा, दोन्ही गालांना. चकत्या लावण्याआधी सरळ दांडा दोन्ही गालांतून आरपार घाला आणि पुढच्या-मागच्या भोकांमधलं ६३२ चं अंतर दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. ते चुकलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि ट्रेलर रस्त्यावर आडवा चालतो. त्यानंतर हुकाच्या गोळ्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर एकदा टेपने मोजून घ्या. वेल्डिंग पाटे काढलेले असतानाच करा.

ढकलगाडी

एवढ्या वेळात टॉर्शन अ‍ॅक्सल बसून ट्रेलर चालायलाही लागला असता. असो. पाट्यांच्या मधे काय घालणार, ग्रीस?

मापाडी

यावर दोन मतं आहेत. पाटे एकमेकांवर घासतात त्या घर्षणातूनच या ट्रेलरला धक्के शोषायची जी काय सोय आहे ती मिळते, वेगळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत. ग्रीस चोपडलं तर ते घर्षण जातं, वर धूळ चिकटून त्याची रेती होते. मी सुटे पाटे घासून त्यावर ग्रॅफाइटचा कोरडा रंग मारतो आणि नुसते जोडतो. नवा संच रंगवून आला असेल तर त्याला तसंच राहू द्या.

गंजखाऊ

ठरलं. ६४१ चे, चार पाट्यांचे दोन संच, ब्राँझचे बुश, ग्रीसचे बोल्ट, नवे यू-बोल्ट मागवतोय. शॅकलच्या पट्ट्यांची भोकं व्हर्निअरने मोजली, तीही १५.२ झाली आहेत, म्हणजे पट्ट्याही नव्याच. ६० मिमीच्या पट्ट्या यादीत नाहीत, ५७ आणि ६४ च्या आहेत. कुठल्या घेऊ?

मापाडी

५७. खालचं टोक ३३ मिमी मागे गेलं तरी कल ३५ अंशांच्या आसपासच राहतो. ६४ ने हौदा मागून किंचित उंच होईल आणि हुकाकडे झुकेल. पट्ट्यांची जाडी मूळच्याइतकी आहे ना तेवढं बघा, आणि बोल्टच्या मानेची लांबी त्या जाडीवरून ठरवा. नायलॉकचा (आपोआप सैल न होणारा) नट असा आवळा की पट्टी हाताने हलली पाहिजे.

गंजखाऊ

पट्टी ६.३, मूळचीही तेवढीच. सामान आलं की हँगरच्या चकत्या आधी, पाटे नंतर. उलट्या आट्यांचे स्टड सुस्थितीत आहेत, पण नट दोन गेलेत. ९/१६ की १/२, हे उद्या उजेडात मोजून टाकतो.

चाकधर

१/२, इंचात २० आटे, उलटे, असण्याची शक्यता जास्त. पण मोजाच. आणि नटाचं बूड निमुळतं असायला हवं, सपाट नको.